दाओनचं सनहेंग कुठपर्यंत झालंय?

४ मार्च
ठरवलं : या वर्षी चिडायचं नाही. साक्षरता वर्गाच्या बाईंनी सांगितलंय की आजी, रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेली अक्षरं गंजतील. म्हणून लिहिते. कुणी वाचायचं नाही. सूनबाई वाचत असेल तर तिने वही खाली ठेवावी आणि शेगडीवरचं तेल पुसावं.

माझी नात दाओन आज पाचवीत गेली. जेवताना सूनबाईने जाहीर केलं, अपूर्णांकात पोरीची दांडी उडते, सोमवारपासून गणिताचा क्लास, बिल्डिंगमधल्या सगळ्या मुली जातात. मी म्हटलं, बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, तेव्हा आपणही आणायच्या होत्या का? घरी मास्तर बोलवा. एक मास्तर, एक पोर, पूर्ण लक्ष. सूनबाई म्हणाली, आई, मुलांना मुलांबरोबर शिकायला आवडतं. मी लेकाकडे बघितलं. तो फोनकडे बघत म्हणाला, बघू. लग्न झाल्यापासून हा बघतोच आहे.

काही जण म्हणतील, पोर चार वाजता क्लासला गेली की म्हातारीला घर खायला उठेल, म्हणून ही मास्तर मागते. काडीचा संबंध नाही. मला कामं ढीगभर आहेत. प्रश्न फक्त गणिताचा आहे.

चिडले नाही. फक्त भांडी जरा जोरात ठेवली.

७ मार्च
तो क्लास बघून आले. मुद्दाम नाही, वाटेत होता. दोन बस बदलल्यावर वाटेत होता.

आमच्या गावी, सोकछोच्या बाजारात, मी सुकी मासळी विकायचे, ती अशीच दोरीला ओवलेली असायची, शेपटीला डोकं, डोक्याला शेपटी. तशी पोरं बसवली आहेत. एक शिंकलं तर पुढची ओळ ओली. आणि याला म्हणे ग्रुप. एकत्र बसून कुणी शहाणं होत नाही. आमच्या साक्षरता वर्गात वर्गभर म्हाताऱ्या होत्या, पण शिकले ते मी माझी शिकले. बाकीच्या फक्त माझ्या वहीत डोकावायच्या. मी त्यांच्या वहीत डोकावायचे ते तपासायला.

काउंटरवर कांग नावाची बाई. नखं अशी की किमची कालवता येणार नाही. तिने विचारलं, आजी, मुलीचं सनहेंग किती झालंय?

मी गारच पडले. सनहेंग म्हणजे चांगलं काम. कुणाचं ओझं उचल, म्हाताऱ्याकोताऱ्याला हात दे. क्लासवाले हे विचारतात? म्हटलं, लुटारू असतील, पण पोराचं मन तरी बघतात. सांगितलं, भरपूर झालंय, अगदी लहानपणापासून करते.

तिने पेन उचललं. कुठपर्यंत?

म्हटलं, गेल्या जानेवारीत तर पार मिडल स्कूलपर्यंत. खोटं नाही. बर्फ पडला, वॉचमन कंबर धरून बसला, तर दाओनने माझं छोटं फावडं घेतलं आणि आमच्या फाटकापासून मिडल स्कूलपर्यंतची वाट मोकळी केली. कांग बाईचे डोळे ताटाएवढे. पूर्ण मिडल स्कूल? म्हटलं, पूर्ण. कुणी करून घेतलं? कुणी नाही, एकटीने, आई तर पुरे पुरे म्हणून ओरडत होती. आई थांबवत होती! असं म्हणून तिने छातीवर हात ठेवला. मग हळूच विचारलं, आणि हायस्कूलचं? म्हटलं, निघाली होती, पण बोटं लाल झाली म्हणून मीच ओढून घरी आणली.

कांग बाईने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, आजी, अशा मुलांना ओढून धरू नका.

लगेच म्हणाली, आमच्या सगळ्यात वरच्या बॅचची टेस्ट आहे, मुलीला बसवा. इथे माझं डोकं तापलं. म्हणजे शिकवणीत शिरायला परीक्षा? येत असतं तर पोर इथे कशाला आली असती? मी गिऱ्हाइकाला कधी म्हटलं होतं का, आधी मासा साफ करून दाखव, मग विकते?

पण बसमध्ये बेत सुचला. पक्का. दाओनला टेस्टला बसवायचं. पास करायचं. कांग बाई मधासारखी गोड होऊन बाहेर आली की सगळ्या आयांसमोर तोंडावर सांगायचं, नको तुमचा क्लास, आमचा मास्तर घरी येतो. सूनबाईला काही कळू द्यायचं नाही.

११ मार्च
मास्तर मिळाला. क्वोन. युनिव्हर्सिटीत शिकतो, गालाची हाडं दिसतात. सूनबाई म्हणाली, ठीक आहे, महिनाभर बघू. मी महिन्याचं ऐकलंच नाही.

पहिला तास उत्तम. मी शेजारीच बसले, लक्ष ठेवायला. सफरचंद कापून दिलं. मास्तर म्हणाला, आजी, आत्ताच जेवलोय. त्या गालांनी? मी काटा हातात दिला. एक अपूर्णांक झाला. अर्धा झाला, कारण मध्येच रताळी भाजून झाली.

१४ मार्च
मास्तर दारातच वाकून म्हणाला, आजी, तुम्ही आतल्या खोलीत आराम केलात तर बरं होईल, दाओन जरा बावरते.

दाओन बावरते! माझ्यासमोर! जी माझ्या पाठुंगळी वाढली! अंगाची लाही झाली. पण ठरवलंय चिडायचं नाही, म्हणून आत गेले आणि दार उघडं ठेवलं. बाहेर सगळं चुप्प. इतकं चुप्प की शंका आली. किमचीचं धिरडं घेऊन गेले. दोघं मान खाली घालून बसलेले. मास्तर विचारत होता, तीन चतुर्थांशातून अर्धा गेला तर काय राहिलं? दाओन माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, धिरडं राहिलं, खा.

मास्तर हसला नाही. विनोदाचं अंग नाही. पण धिरडी संपवली.

२१ मार्च
शिकवणी जोरात. मास्तरच्या गालावर मांस आलंय. आज जेवणानंतर त्याला भागाकार सांगता सांगता डुलकी लागली. दाओन गोधडी आणायला गेली. याला म्हणतात पूर्ण लक्ष. क्लासमध्ये कुठला मास्तर पोरांसमोर इतका मोकळा होईल?

सूनबाईने वही चाळली आणि विचारलं, आई, दहा दिवसांत एकच पान? मी म्हटलं, पान एकच असेल, पण खोल आहे.

२८ मार्च
उद्या टेस्ट. दाओनला म्हटलं, आपण बाजारात जातोय, आईला सांगू नकोस. तिने विचारलं, आजी, बाजारात जायला पेन्सिल कशाला? पोर हुशार आहे.

चिकट तांदळाचे तोक, म्हणजे उंडे, करून ठेवले. ते खाल्ले की उत्तरं चिकटून राहतात. आमच्या लेकाला दिले होते, तो पास झाला. त्या वर्षी सगळेच पास झाले, ती गोष्ट वेगळी.

२९ मार्च
अक्षर वाकडं येतंय. रागाने. वयाने नाही.

सकाळपासून सूनबाईचा उपद्व्याप. नेमकं आज तिने नाश्त्याला समुद्रशेवाळाचं सूप केलं. गिळगिळीत! परीक्षेच्या दिवशी! शेवाळ खाऊन माणूस घसरतो, हे या देशातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी वाटी हिसकावली, तर म्हणते, आई, आज काय आहे? काय सांगणार? बाजार आहे म्हटलं. तोवर पोर अर्धं सूप प्यायली होती. जे झालं ते या सुपामुळे झालं. हे लिहून ठेवते.

क्लासच्या हॉलमध्ये आयाच आया. कांग बाईने माझी ओळख करून दिली, याच त्या आजी, पाचवीत मिडल स्कूल पूर्ण. आया सरकल्या. मला मधली खुर्ची दिली. एकीने कॉफी आणली. विचारलं, कसं केलंत हो आजी? म्हटलं, काही नाही, तिला लहान फावडं घेऊन दिलं. त्या हसल्या, मान डोलावली, एकीने लिहूनही घेतलं असेल.

दाओन वेळेच्या कितीतरी आधी बाहेर आली. डोळे लाल. म्हणाली, आजी, गणितात इंग्रजी अक्षरं आहेत.

मी सरळ कांग बाईच्या काउंटरवर. काय ही फसवणूक? पाचवीच्या पोरीला हे कुठून येणार? ती म्हणाली, आजी, तुम्हीच म्हणालात मिडल स्कूलपर्यंत सनहेंग झालंय. म्हटलं, झालंच आहे! अख्खा रस्ता! वॉचमनला विचारा! सगळा बर्फ तिने काढला!

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मग कांग बाईने तो खालचा, दवाखान्यातला आवाज काढला. आजी, ते सनहेंग नाही हो. आमच्याकडे सनहेंग म्हणजे पुढच्या इयत्तांचा अभ्यास आधीच उरकून ठेवणं. शब्द तोच, पण...

कॉफी आणणारी आधी फुटली. मग सगळ्या. एक तर खुर्चीला धरून हसत होती. मी म्हटलं, हसा. चांगल्या कामाचा शब्द चोरून तुम्ही त्यात गाइडं भरलीत आणि मलाच हसता? दाओन माझी बाही ओढत होती. कॉफीचा कप उलटा झाला. मुद्दाम नाही. पुरेसा मुद्दाम नाही.

३० मार्च
सूनबाईला कळलं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच कळलंय. लिफ्टमधला एक गृहस्थ मला म्हणाला, सनहेंग आजी, कितवा मजला? मी त्याला जिन्याने जायला सांगितलं.

सूनबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिने दाओनला समोर बसवून विचारलं, तुला काय हवंय? घरी मास्तर, की क्लास?

मी निर्धास्त होते. पोर माझी आहे.

पोर म्हणाली, क्लास. सगळ्यात खालची बॅच चालेल. तिथे माझं चुकलं तर शेजारच्या मुलीचंही चुकलेलं असतं. घरी चुकलं की फक्त माझंच चुकतं. सर बघतात, मग आजी बघते, मग आजी खायला आणते.

आईला घाबरून म्हणाली. उघड आहे. मी म्हटलं, पूर्ण लक्ष नको का तुला? तर कारटी म्हणते, आजी, लक्ष फार झालं.

प्रश्न फक्त गणिताचा होता. आता नाही. सोकछोला भाचीला फोन करायचं ठरवलंय. मी परत जाते म्हणून सांगणार. मग बघा, कोण हातापाया पडतं ते.

३१ मार्च
भाचीला फोन नाही केला. गुडघा दुखत होता.

मास्तर निरोप घ्यायला आला. चांगला जाडजूड झालाय. डब्यात धिरडी दिली. जाताना म्हणाला, आजी, तुमची आठवण येईल. माझी म्हणजे धिरड्यांची.

४ एप्रिल
दाओन क्लासच्या पिवळ्या व्हॅनने जाते. व्हॅन थांबते तिथवर पोचवायची जबाबदारी मी घेतली आहे. कुणी दिली नाही, पण कुणीतरी घेतली पाहिजे. ती गेल्यावर सवयीने सफरचंद कापलं. मीच खाल्लं. बाजारात हल्ली काही धड मिळत नाही.

खालच्या बॅचमध्ये शेजारी बसणाऱ्या मुलीचंही खरंच चुकतं म्हणे. दाओन हसत सांगत होती. चुकण्यात हसण्यासारखं काय आहे?

१८ एप्रिल
कांग बाईचा फोन, मलाच आला. दाओन अपूर्णांक करायला लागली आहे, आता हळूहळू सनहेंग सुरू करू या का? यावेळी तिने शब्द अगदी सावकाश उच्चारला, बहिऱ्याशी बोलावं तसा. मी म्हटलं, कळतं मला, करा सुरू. मग तिलाच विचारलं, सहावीचं कधीपर्यंत उरकेल? समोरच्या घरातली मुलगी सातवीच्या पुस्तकापर्यंत पोचली आहे. मागे राहून कसं चालेल?

सूनबाईसमोर बोलले नाही. ती क्लास म्हणत होती, तेव्हा मी नाही म्हणाले असं तिच्या डोक्यात बसलंय. मी तसं म्हटलेलं मला आठवत नाही.

२ मे
आज उशीर माझ्यामुळे झाला नाही.

व्हॅन कोपऱ्यावर येऊन उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि दाओन कुठे? चढावर. ती पुठ्ठे गोळा करणारी कुबडी म्हातारी आहे ना, तिची गाडी चढावर अडकली होती. आमची बाई दप्तर पाठीवर घेऊन, दोन्ही हात लावून, मागून ढकलतेय. तोंड लालबुंद. म्हातारी पुढून म्हणतेय, जोर लाव बाळा, जोर लाव.

मी धावले. गुडघ्यासकट. दप्तराचा पट्टा धरून खेचली. गाडी मागे सरकायला लागली, म्हातारी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, तिला म्हटलं, व्हॅन चुकेल हो, तुमचं काय जातंय? तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि विचारलं, अशा पोरीची आजी तुम्ही का?

मी दाओनला ओढत खाली आणलं आणि अख्ख्या कोपऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडले, ही असली कामं करत बसलीस, तर तुझं सनहेंग कधी व्हायचं?

पोर थांबली. पुठ्ठ्याची धूळ हाताला तशीच होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, कुठलं, आजी?

व्हॅनने पुन्हा हॉर्न दिला. मी म्हटलं, चढ.