नारळाने दाखवलेले पाणी

पलसाणा, सुरत
बुधवार, सकाळ

तीर्थरूप सुकदेव नाना यांच्या चरणी पुतण्या योगराज याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली आणि उषाकाकूंची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. (सविस्तर अशासाठी की मागच्या पत्रात आपण फक्त ‘बरी’ असे लिहिले होते, त्यावरून काही बोध झाला नाही.) मी येथे खुशाल आहे. हे पत्र हातात पडताच आधी खाटेवर बसावे आणि शेवटपर्यंत बसूनच वाचावे. उभ्याने वाचू नये. फोनच केला असता, पण आपला फोन काकू स्पीकरवर लावतात आणि सगळी गल्ली ऐकते. हा विषय गल्लीचा नाही.

गेल्या चैत्रात आपण धनसुखभाई शेठच्या फार्महाउसवर तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरलात आणि चिकूच्या झाडाजवळ तो उभा राहिला, तो दिवस मी विसरलेलो नाही. तिथेच बोअर घेतली, दोनशे दहा फुटांवर पाणी लागले, शेठ आपल्या पाया पडले आणि त्याच आनंदात त्यांनी मला बमरोलीच्या लूमवरून काढून इथे देखरेखीला ठेवले. बारा तास मागांच्या खडखडाटात उभा राहणारा मी आता झाडाखाली बसून पंप कधी चालू केला, कधी बंद केला ते वहीत लिहितो. हे सारे त्या नारळामुळे आहे. म्हणून पुढचा मजकूर लिहिताना हात जड होतो.

दिवाळीनंतर शेठने पोहण्याचा हौद बांधायला काढला. होळीनंतर तो पूर्ण झाला आणि मी आपल्या बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरला. पाणी इतके स्वच्छ होते की तळाच्या फरश्या वरून मोजता आल्या. (मोजल्या. एक तिरकी बसली आहे.) दहा दिवसांपूर्वीच्या रविवारी शेठचे सगळे कुटुंब पोहायला येणार होते, म्हणून आदल्या शनिवारी दुपारी दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मी क्लोरीनची पावडर टाकली. चार वाजेपर्यंत पाणी दूध न घातलेल्या चहासारखे झाले. मला वाटले, पावडर कमी पडली. मी आणखी टाकली. पाणी जास्त उकळलेल्या चहासारखे झाले.

रविवारी मंडळी आली आणि टॉवेल घेऊन काठावर उभी राहिली. शेठ माझ्याकडे पाहत होते. मी बोलायला तोंड उघडले तेवढ्यात शेठच्या आई, ज्यांना सगळे बा म्हणतात आणि ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, त्या पायऱ्या उतरून पांढऱ्या साडीसकट पाण्यात गेल्या. “तापीमां पूर आवे त्यारे आवुं ज पाणी होय,” असे म्हणून त्यांनी तीन बुड्या मारल्या. बा उतरल्या म्हटल्यावर बाकीच्यांना मागे राहता येईना. अर्ध्या तासाने सगळे बाहेर आले तेव्हा बांची साडी बदामी, शेठचे बनियन बदामी आणि थोरल्या जावयांचे पिकलेले केसही बदामी झाले होते. एकाच ठाणातून सगळ्यांना कपडे शिवल्यासारखे दिसत होते, पण ते मी बोललो नाही.

साडी धुवायला माझ्याकडे आली. तीन साबण झाले, रंग हलला नाही. सोमवारी मी साडी आणि हौदाच्या पाण्याची बाटली घेऊन बळीराम मास्तरांकडे गेलो. (आपल्याच पारोळ्याकडचे आहेत. इथल्या एका मिलमध्ये कापडाला कोणता रंग किती द्यायचा हे तेच ठरवतात.) त्यांनी साडी उजेडात धरली, चोळली, रंग अतिशय पक्का असल्याचे सांगितले आणि कोणत्या मिलचे काम आहे असे विचारले. मी म्हटले, हौदाचे. मग त्यांनी बाटली पाहिली आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ रंग नही. हाई लोखंड शे.” जमिनीखाली लोखंड पाण्यात विरघळलेले असते, दिसत नाही, क्लोरीन लागले की ते गंजते आणि दिसू लागते. शेठच्या त्या जमिनीत कुठेही भोक पाडले तरी हेच पाणी निघेल, असेही ते म्हणाले.

नाना, यात नारळाची चूक नाही. नारळाला पाणी कुठे आहे एवढेच विचारले होते, पाण्यात काय आहे हे कोणी विचारले नव्हते. हे मी शेठना सांगितले. ते म्हणाले, “नाळियेरवाळा काकाने बोलाव. बीजी जग्या बतावे. आ वखते पण लोखंड नीकळ्युं, तो काका साथे तारी पण रजा.” म्हणजे आपण येऊन दुसरी जागा दाखवायची, आणि तिथेही लोखंड निघाले तर आपल्याबरोबर माझीही नोकरी गेली. त्यांना मी काय उत्तर दिले ते खाली येईल.

मास्तरांनी उपायही सांगितला. पिंपाच्या बुडाला भोके पाडायची, आत उशीत भरतात तसा तंतू दाबून भरायचा, हौदाचे पाणी पंपाने वर घेऊन त्यातून परत हौदात सोडायचे. पहिल्यांदा मी काकूंनी दिलेल्या उशीतला कापूस भरला. आपल्या शेतातला कापूस, त्यावर माझा विश्वास होता. त्याचा गोळा झाला आणि पाणी पिंपावरून वाहू लागले. मास्तर म्हणाले, पॉलिस्टर लागते. सुरतेत त्याला तोटा नाही, म्हणून मी पाहुण्यांच्या खोलीतल्या आठ उशा उसवल्या. तंतू विटेसारखा लाल व्हायचा, मी तो धुऊन पुन्हा भरायचो. तिसऱ्या दिवशी पाणी हिरवट झाले, पाचव्या दिवशी तिरकी फरशी परत दिसली. ती पाहून मला भरून आले. आता बोअरचे नवे पाणीही आधी पावडर घालून पिंपातूनच जाते. (उशा वाळवून शिवून ठेवल्या आहेत. मी स्वतः डोके ठेवून पाहिले, गंज सांडत नाही.)

साडीचा डाग लिंबाने जाईल असे मास्तर म्हणाले होते. मी लिंबे घेऊन बांकडे गेलो. बा चौदा वर्षे पांढऱ्यात आहेत. त्यांनी पदर उलटसुलट करून पाहिला, खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, “रेवा दे.” म्हणजे राहू दे. शेठ दारात उभे होते. त्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली. मी लिंबे परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

तरी काळजी नसावी. काकूंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
योगराज

ता. क. १ : वर प्रकृतीबद्दल विचारले आहे, त्याचे उत्तर कृपया वाईट असे द्यावे. आपण आलात तर नारळ कुठेतरी उभा राहणारच, तिथे लोखंड निघणारच, मग आपले चाळीस वर्षांचे नाव जाईल आणि माझी जागा जाईल. म्हणून मी शेठना सांगितले की नानांचा गुडघा गेला, चालवत नाही. ताप सांगितला नाही, ताप उतरतो.

ता. क. २ : गुडघा उजवा आहे. हे बांच्या कानावर गेले. त्यांचेही गुडघे दुखतात. ज्या माणसाने हे पाणी दाखवले त्याला असे ठेवायचे नाही, म्हणून त्यांनी शेठना गाडी पाठवायला लावली आहे. आपल्याला सुरतेच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे. गुडघा वाकत नाही, त्यामुळे गाडीत बसता येत नाही, असे सांगावे. कण्हू नये. ड्रायव्हर जयंतीभाई भला माणूस आहे, कण्हल्यास उचलून आडवे घालील.

ता. क. ३ : काकूंना उशीबद्दल सांगू नये.

ता. क. ४ : हे पत्र जयंतीभाईंच्याच हाती देत आहे. आधी पत्र द्यायचे, मग बोलायचे, असे त्यांना बजावले आहे. या क्षणी ते आपल्यासमोर उभे असतील. त्यांना पाणी काकू देतील. आपण उठू नये.