आडनाव न विचारण्याचा दिवस

देवळाली प्रवरा,
गुरुवार

प्रिय सूर्यभान,

तुझं कार्ड काल वाचनालयाच्या पत्त्यावर आलं. माझ्या हाती पडण्याआधी ते आमच्या ग्रंथपालांनी, काकासाहेबांनी, वाचलं, पेपर चाळायला आलेल्या मंडळींनीही वाचलं, आणि मग काकासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "रविवारी पाव्हणे येनार जनू?" उघड्या कार्डावर असलं काही लिहितात का रे? 'आईला घेऊन येतो. तुझ्या वडिलांशी बोलायचं आहे. घर गावात कुणालाही विचारीन.' तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. सकाळी भाकरी करपवली. शाळेत हजेरी घेताना एकाच मुलीचं नाव पुन्हापुन्हा पुकारत राहिले. आताही दोन ओळी लिहिते, उठून दारापर्यंत जाते आणि परत येऊन बसते. 'तू' लिहितानाही हात अडखळतो. मेळाव्यात सगळ्यांनी सगळ्यांना अरेतुरे करायचं ठरलं होतं म्हणून जमलं, नाहीतर एकदाच भेटलेल्या पुरुषाला मी अहोजाहोच केलं असतं.

पण काय मजा आली होती रे! विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचणारी इतकी माणसं नगर जिल्ह्यात असतील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या गावात ही पुस्तकं मी एकटीच नेत असे. दिवाळीची सुट्टी म्हणून नगरच्या एका शाळेचं सभागृह मिळालं आणि त्यात मंगळावरचे रहिवासी, राक्षस, पऱ्या, यंत्रमानव नुसते दाटीवाटीनं बसलेले. मी वेताच्या पाटीला चंदेरी कागद चिकटवून शिरस्त्राण केलं होतं. एसटीत ते मांडीवर घेऊन बसले, तर शेजारच्या बाईनं त्यात आपली भाजीची पिशवी ठेवली. तू सायकलच्या ट्यूबा कापून सोंडा केल्या होत्यास, आणि त्या सारख्या समोरच्या परीच्या पंखांत अडकत होत्या. मंतरलेली अंगठी कथेत चालेल की तिच्यामागेही काहीतरी शास्त्र हवंच, यावरून केवढा वाद पेटला! एक राक्षस तर रागानं उठून निघून गेला आणि चहा आला तसा मुकाट्यानं परतला.

आणि तो नियम. संयोजक छगननं दारातच प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठा टाचला: फक्त नाव, आणि त्याखाली आपण कुठल्या ग्रहावरून आलो ते. आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं तर मुळीच नाही. चुकेल त्यानं सभागृहाला लंगडी घालत फेरी मारायची. आपल्याकडच्या माणसाला हे जमणं कसं शक्य आहे? नमस्कार झाला की पुढचं वाक्य 'कुठले तुम्ही, कुणापैकी?' हे आपोआपच येतं. अध्यक्षांनीच पहिला गुन्हा केला. धोतराचा सोगा सावरत ते लंगडी घालत होते, आणि थांबल्यावर धापा टाकत त्यांनी मदतीला आलेल्या यंत्रमानवाला विचारलं, "बरं, कुणाचे आपण?" त्यांना पुन्हा फिरवलं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी मिरवणूक निघाली तेव्हा भाजीवाल्या गोजरबाईनं तुला बहुरूपी समजून अडवलं होतं, आठवतं? "लई न्यारं सोंग हाय रं! कुन्या गावचं म्हनायचं?" असं म्हणून तिनं तुझ्या हातात मूठभर फुटाणे घातले. गेल्या वर्षीच्या दुष्काळातून आत्ता कुठे बाजार सावरतोय, तरी तिनं दिले. तुझ्या ग्रहावर बोलायची पद्धत नव्हती म्हणून तू नुसत्या सोंडा हलवल्यास आणि फुटाणे मला देऊन टाकलेस. मला वाटतं, मला तू तिथंच आवडलास. हे लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.

मग छगनचं ते यान. पिंपांचं केलेलं, आत रंगीत दिवे, आणि बाहेरून तो स्वतः लाथा मारून ते हलवणार! आपण दोघं आत बसलो आणि नेमकी वीज गेली. अंधारात तू अगदी गंभीरपणे विचारलंस, तुमच्या ग्रहावर लग्नं कशी ठरतात. मी म्हणाले, आमच्याकडे मुलगा आणि मुलगी एकमेकांना आपलं आवडतं पुस्तक देतात, ते वाचून झालं की ठरलं. बाकी कोण, कुठलं, कुणाचं असं कुणी पाहत नाही. तू हसलास. मीही हसले, पण मी गंमत करत नव्हते. बाहेर छगन लाथा मारतच होता.

परतताना स्टँडवर तू घरचा पत्ता मागितलास आणि मी वाचनालयाचा दिला. एसटीत खिडकीशी बसले तेव्हा आधी खूप बरं वाटत होतं. दिवसभर मी नुसती भागिरथी होते, भांडत होते, लोक माझं ऐकत होते. मग राहुरी यायच्या सुमारास राग आला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी अंगाला चंदेरी कागद का लावावा लागतो? मला आमची लाज वाटते असं मात्र समजू नकोस. छप्पन सालानंतर वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी लहान होते. कुणी नाव विचारलं तर मान वर करून पूर्ण नाव सांगायचं, हे त्यांनी मला शिकवलं. ते आता साखर कारखान्यात कामाला आहेत, उसाचं गळीत सुरू झालंय. रविवारी पाहुणे येणार म्हणून त्यांनी पाळी बदलून घेतली आहे. आई भिंती सारवतेय. तुझ्याबद्दल वडिलांनी मला एकच विचारलं, "त्याला ठावं हाय का?" मी नाही म्हणाले आणि कागद घेऊन बसले.

म्हणून हे पत्र. तू चौकात आमचं घर विचारशील, आणि तिथला माणूस आधी तुझ्याकडे, मग तुझ्या आईकडे बघेल, आणि आम्ही कोण ते अशा आवाजात सांगेल की त्याच्या तोंडून ते तू ऐकावंस हे मला सहन होणार नाही. माझ्याकडून ऐक: आम्ही बौद्ध आहोत, आमचं घर बौद्धवाड्यात आहे, निळ्या दाराचं. तू कुणापैकी आहेस ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. त्या आल्या तर आमच्या घरचा चहा त्यांनी घ्यावा. त्या नाही म्हणाल्या, तर तुझं काय ते तू स्वतः येऊन सांग, कार्डावर नको. 'नाही आलास तरी मला काही वाटणार नाही' असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मला फार वाटेल. तू यावंस.

तुझीच,
भागिरथी रंभाजी पगारे