अनयचे पाच महिने

एडिसन (अमेरिका), ६ मार्च २००६

ती. शैलाताईला नमस्कार आणि माझ्या अनयला पापा.

माझी काळजी करू नकोस. मिठाईच्या दुकानातलं काम बरं चाललंय, खोकलाही आता फक्त सकाळीच येतो. भाऊजींचे गुडघे कसे आहेत?

शनिवारी लायब्ररीत टॅक्सचा फॉर्म भरायला गेले. तिथे रिटायर झालेले प्रतापकाका फुकट भरून देतात. म्हणाले, कमी पगारात मूल वाढवणाऱ्यांना टॅक्स क्रेडिट मिळतं, बरेच पैसे हातात येतात. मग विचारलं, "गेल्या वर्षी मुलगा किती महिने तुझ्याजवळ होता?"

हे गेल्यावर मेअखेरीस मीच त्याला तुझ्याकडे आणून सोडलं. पाच, म्हटलं. मूल निम्म्याहून जास्त वर्ष जवळ असावं लागतं म्हणे. सात सांगता आलं असतं, कोण बघायला येणार होतं? पण तो आकडा तोंडातून निघेना.

पैशांचं राहू दे. येताना त्याच्यासाठी बूट घ्यायला थांबले. दुकानातल्या मुलीने नंबर विचारला, तर तोही मला सांगता आला नाही.

त्याचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने आख आणि पाठव. बुटांचं बघू, कागद मात्र लवकर पाठव.

तुझी,
हेमा