तिसरी पेरिन

मोर्तान्य, फ्रान्स
१५ नोव्हेंबर १९७३

प्रिय आई,

तुझ्या दोन्ही गालांवर पाप्या. तू विणलेला स्वेटर रोज अंगात असतो, थंडीची काळजी करू नकोस. जेवणही बरं आहे. समोर कोणी बसलेलं नसतं, एवढंच. रविवारपासून कुणाशी चार शब्द बोलले नव्हते.

जिच्या शोधात इथवर आले ती आपल्या घराण्यातली, तीनशे वर्षांपूर्वी इथून जहाजाने क्वेबेकला गेलेली पेरिन आज सापडली. चर्चच्या जुन्या वहीत तिच्या आईबापांना पेरिन नावाच्या तीन मुली झाल्याची नोंद आहे. पहिली नऊ दिवसांची गेली, दुसरी दोन वर्षांची. तिसरी जगली, ती आपली. मला वाटलं, माझीच वाचण्यात चूक झाली. वह्या सांभाळणाऱ्या मादाम लुवेल हसल्या.

"चूक कसली गं? गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायचे. तुमच्याकडे नाही का देत?"

"देतात," मी म्हणाले.

आई, लहानपणी मी तुला म्हणाले होते, "मेलेल्या ताईचं नाव मला दिलंस, कारण तुला तीच हवी होती." तू कणीक मळत राहिलीस. तिसऱ्यांदा तेच नाव ठेवताना त्या माउलीच्या जिवाचं काय झालं असेल, हेच आज दिवसभर मनात आहे.

बाबांचा खोकला कसा आहे? खरं लिही.

आणि ताईबद्दल लिही. केस कसे होते तिचे? हसायला लागली होती का? मी कधी विचारलंच नाही.

तुझी दुसरी
ऑरोर