रांगेतलं शेवटचं चित्र

अण्णा, आज क्लासमध्ये दिंद्रुडहून येणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, माझी बैलगाडी आधी एक पाऊल टाकते, मग अडखळते, अन् मग सुसाट पळते. कावून?" तिने स्क्रीनवर बैलगाडीचं चित्र ठेवलं होतं आणि बटण दाबलं की ते उजवीकडे सरकावं, असा प्रोग्राम लिहिला होता. मी तिला सांगितलं की बटण दाबून धरलं की कीबोर्ड तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. एक निरोप, मग जरा थांबून एकामागून एक रांगच. तुझा प्रोग्राम त्यातल्या प्रत्येकाला नवं दाबणं समजतो. बटण खाली गेलं आणि वर आलं, एवढंच लक्षात ठेव आणि गाडी सरकवायचं काम टायमरकडे दे. थोड्या वेळात तिची गाडी नीट चालायला लागली. "लई भारी, मॅडम," ती म्हणाली. मी पाणी प्यायचं निमित्त करून आतल्या खोलीत आले. तुमची कॉट होती तिथे आता तुमची जुनी टायपिंगची मशिनं ठेवली आहेत. त्यांच्यासमोर बसून हे लिहिते आहे.

मी सहावीत असताना तुम्ही मला याच मशिनवर बसवलंत. अर्धं धारूर तेव्हा तुमच्याकडे टायपिंग शिकायला यायचं. माझं बोट बटणावर रेंगाळायचं आणि पुढचं अक्षर मारताना अक्षरांच्या दोन दांड्या एकमेकींत अडकायच्या. तुम्ही मागून येता, त्या सोडवता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारता, "बोट झोपलं का बाई तुझं? मशिनची की मारायची आसती, दाबून धरायची न्हाई. मारली की बोट वर!" मोठाली माणसं हसतात. त्या वर्षी मी घरी तुमच्याशी फार बोलले नाही. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. परीक्षा पास झाले तेव्हा मात्र तुम्ही तुमच्या स्वतःच्या मशिनखालचा हिरव्या, जाड लोकरी फेल्टचा तुकडा काढून माझ्या मशिनखाली घातलात.

तुम्हाला लकवा मारला त्याला आता नऊ वर्षं झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वाचा गेलेली होती. मान धरत नव्हती आणि पापणी तर प्रत्येक प्रश्नाला मिटायची, हो असो की नाही असो. हलायचा फक्त डावा हात, तोही खाली दाबण्यापुरता. म्हणून मी क्लासमधला एक कॉम्प्युटर कॉटजवळ आणला आणि प्रोग्राम लिहिला. चार चित्रं एका रांगेत: पाणी, पंखा, कूस, दुखतंय. स्पेस बार दाबला की लाल चौकट पुढच्या चित्रावर सरकायची, शेवटच्या चित्रापुढे जायची नाही, आणि जिथे ती तीन सेकंद थांबेल ते चित्र माझ्या आवाजात बोलायचं. तुमच्या बोटाला कळावं म्हणून त्या हिरव्या फेल्टची पट्टी कापून मी स्पेस बारवर चिकटवली.

पहिल्या दिवसापासून तुम्ही एकच सांगत होतात. दुखतंय. सकाळी दुखतंय, दुपारी दुखतंय. मी पाय चेपते, पाठ चेपते, उशी बदलते, आणि परत माझाच आवाज येतो, दुखतंय. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग आणखी एक दिली. तुम्ही दिवसभर पेंगायला लागलात. कधी चौकट भर्रकन पुढे जायची आणि मला वाटायचं तुम्ही चिडून मारताय. एकदा मीच ओरडले, "अण्णा, बोट उचला ना! झोपलं का तुमचं?" तोंडातून गेल्यावर मला कळलं की हे कोणाचं वाक्य आहे. तुमचे डोळे माझ्यावरच होते.

तीन आठवड्यांनी रविवारी दादा पुण्याहून गाडी घेऊन आला. मी एकटी किती करणार, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं होतं. माझी कंबर धरली होती. क्लास बंद पडत आला होता. पण तुम्ही पुण्यात कधी दोन दिवसांच्या वर काढले नाहीत, हे आम्हा दोघांना माहीत होतं. "तिथं माणसं दिवसा बी दाराला कडी लावून बसत्यात," म्हणत तुम्ही तिसऱ्या दिवशी घरी हजर व्हायचात. दादा कॉटवर बसला, तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अण्णा, माझं न्हाई, हिचं बी न्हाई. तुमी सांगाल तसं. न्हाई म्हणलात तर मी गपगुमान वापस जातो." मी सकाळीच रांगेच्या शेवटी दोन चित्रं वाढवली होती. आधी घर, मग गाडी.

तुमचं बोट फेल्टवर आलं. चौकट पाण्यावरून पंख्यावर गेली, जरा थांबली, आणि मग कूस, दुखतंय, घर, सगळं ओलांडून सरळ गाडीवर. "गाडी," माझा आवाज म्हणाला. दादा म्हणाला, "पुन्यांदा विचार. नीट विचार." मी चौकट पहिल्या चित्रावर आणली. परत तसंच. गाडी. दादाने तुमच्या छातीवर डोकं ठेवलं आणि तो रडायला लागला. "चला अण्णा, चला." मी मात्र तुमच्या बोटाकडे बघत होते. आवाज येऊन गेला तरी ते वर आलेलं नव्हतं. नख पांढरं पडलं होतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन आठवड्यांत आज पहिल्यांदाच तुमचं काही दुखलं नाही. कालपर्यंत रांगेत शेवटचं चित्र दुखतंयचं होतं. आज ते गाडीचं होतं.

तुम्ही चिडला नव्हतात. एकदाच दाबत होतात, आणि बोट उचलता येत नव्हतं. मला तिथेच म्हणता आलं असतं, दादा, थांब, हे अण्णा नाही बोलत, हे कीबोर्ड बोलतोय, अर्धा तास दे. दादा थांबला असता. तो तसा माणूस आहे. त्याने मला विचारलंसुद्धा, "तुला काय वाटतं गं?" मी म्हणाले, "दोनदा सांगितलंय त्यांनी." मग मी तुमचे कपडे भरले. गोळ्यांची पिशवी भरताना ती पेंग आणणारी मोठी गोळी बाजूला काढली आणि दादाला सांगितलं, ही देऊ नको, डॉक्टरांना फोन करून विचार. एवढंच केलं. गाडीत निजवताना तुम्ही माझ्याकडे बघत होतात की दाराकडे, ते मला आजही सांगता येणार नाही. गाडी निघाली, घाटाच्या वळणाला दिसेनाशी झाली. मी घरात आले, पोटभर जेवले आणि झोपले.

चार वाजता उठून प्रोग्राम उघडला. अकरा ओळी लागल्या. बटण एकदा खाली गेलं की ते वर येईपर्यंत दुसरं काही ऐकायचंच नाही. मी स्पेस बारवर बोट ठेवून तसंच दाबून धरलं. चौकट एकच चित्र पुढे गेली आणि थांबली.

पुढे तुम्ही दीड महिना होतात. तुम्हाला खरंच गाडी म्हणायचं असेल, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. माझी कंबर तुम्ही रोज बघत होतात. असेलही. पण ते विचारायची एक वेळ आली होती, अण्णा. तुम्ही पुण्याला गेल्यावर आठव्या दिवशी दादाचा फोन आला, "अण्णा सारखं हात हलवायलेत, काय तरी म्हणायचंय त्यांना. तुझं ते चित्राचं पाठव की, इथं लावतो." मी म्हणाले, ते बिघडलंय, चालत नाही. दादाने परत विचारलं नाही, आणि मीही त्याला आजवर काही बोलले नाही. हा कागद तुमच्या मशिनखाली, फेल्ट होतं तिथे ठेवते आहे.

ते चालत होतं.