हॉटेलातल्या पाच मिनिटांवरून

ताई,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहू शकते.

सोळा वर्षांपूर्वी तुझं लग्न ठरत होतं, तेव्हा आपण दोघी त्या मुलाला हॉटेलात भेटलो. तू हात धुवायला गेलीस आणि चहा सांडला म्हणून तो वेटरवर खेकसला. घरी येताना तू विचारलंस, "कसा वाटला गं? अगदी खरं सांग."

मी छातीठोकपणे म्हणाले, "तापट आहे. उद्या तुझ्यावरही हात उगारेल."

माझ्या शब्दावर तू नकार कळवलास. पुढे कुठे जमलंच नाही. अजूनही तू सगळ्यांना सांगतेस, "धाकटीने मला वाचवलं."

गेले तीन आठवडे तो माझ्या वॉर्डात येतोय. त्याच्या बायकोची उजवी बाजू लुळी पडली आहे. तो तिची वेणी घालतो, चमच्याने सूप भरवतो. परवा तिने चिडून वाटी भिरकावली, तर "नेम चुकला तुझा," म्हणत त्याने फरशी पुसली. मी सलाईन बदलायचं विसरून बघत राहिले.

तू खरं मागितलं होतंस. मी अंदाज दिला. नुसतं "वेटरवर खेकसला" एवढंच सांगितलं असतं, तर पुढचं तू ठरवलं असतंस.

काल त्याने मला ओळखलं. चाचरत विचारलं, "तुमच्या ताई कशा आहेत?"

"अगदी सुखात," मी म्हणाले.

हेही मीच ठरवलं, तुला न विचारता.

तुझी,
धाकटी