पुराव्यासाठी एक सरडा

५ एप्रिल
छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात दुसरी आले. सरपटणाऱ्या प्राण्यांचे फोटो मी वयाच्या नवव्या वर्षापासून काढते. म्हणजे अठरा वर्षं. पहिला मुजीब, आमच्या तेर गावच्या बसस्टँडजवळचा मोबाइल दुरुस्तीवाला. फोनवर काढलेला फोटो: माळावरचा सरडा, गळ्याचा निळा पंखा पूर्ण उघडलेला.
राग नाही. फक्त त्याचं बक्षीस काढून घेतलं जावं, तेही सगळ्यांसमोर.

६ एप्रिल
फोटो आठपट मोठा करून पाहिला. सरडा इतका स्थिर बसत नाही. फ्रिजमध्ये ठेवून सुन्न केला तर बसतो. काही फोटोग्राफर हे करतात. मुजीबनंही केलं. खात्री ९४ टक्के.

७ एप्रिल
मंडळाचे अध्यक्ष आण्णासाहेब यांच्याकडे लेखी तक्रार. सोबत नव्या नियमाचा मसुदा: जो सभासद प्राणी फ्रिजमध्ये ठेवेल, त्याला कायमचं काढावं. अपवाद नाही. ते म्हणाले, नियम चांगलाय पोरी, आजपासूनच लावू, पण मुजीबनं तसं केल्याचा पुरावा आण. मुजीब तिथंच बसलेला. म्हणाला, ताई, फ्रिज असता तर आधी प्यायचं पाणी थंड केलं असतं की. कोपरं दाखवली, माळावर चार दिवस पालथं पडून सोलली म्हणे.
विषय टाळतो आहे.

१२ एप्रिल, सकाळी ७.४०
माळावर नर सरडा मिळाला. हा प्रयोग आहे, त्यामुळे नियम लागू होत नाही.

९.१०
डबा फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे.

९.३५
शरीराचं तापमान १४ अंश. सुन्न. फोटो काढले. पंखा उघडत नाही. मुजीबच्या फोटोत उघडा आहे. म्हणजे त्यानं शेजाऱ्याचा फ्रिज वापरला, तो वेगळ्या कंपनीचा असणार. डबा पुन्हा आत.

१०.०५
आईनं दह्यासाठी फ्रिज उघडला. ओरडली नाही. गावात साप-सरडा निघाला की ज्याला बोलावतात, त्याला फोन लावला. तो मुजीब. हे मला माहीत होतं. हिशेबात धरलं नव्हतं.

११.००
मुजीबनं सरडा अंगणातल्या भिंतीवर उन्हात सोडला. आई त्याला सांगत होती, ही ल्हानपणी पाली काड्याच्या पेटीत ठिवायची, आता फ्रिजपर्यंत आली, उद्या घोरपड कुकरला लावंल. तो म्हणाला, जाऊ द्या मावशी, ताईला शिकायचं व्हतं.
दहाव्या मिनिटाला सरड्यानं पंखा उघडला. पूर्ण. माझा कॅमेरा आत होता. त्याचा फोन खिशात.

१३ एप्रिल
आण्णासाहेबांचा फोन. आईनं त्यांना सगळं सांगितलं आहे. म्हणाले, अपवाद न्हाय असं तूच लिहिलंस पोरी. मुजीबनं माझ्यासाठी एक संधी मागितली होती. त्यांनी नियम दाखवला.
अठरा वर्षं.

१९ एप्रिल
मंडळाच्या फलकावर मुजीबनं काढलेला नवा फोटो: आमच्या अंगणातली भिंत, पंखा पूर्ण उघडा. आत जाता येत नाही, खिडकीतून पाहिला. खाली लिहिलंय: 'नर सरडा, तेर. सौजन्य: शिवरंजनीताईंचा फ्रिज.'
तापमान लिहिलेलं नाही. एवढी एक चूक सापडली.